वाडीची शाळा आणि वारकऱ्याचे ऋण

कार्तिक वद्य एकादशीला आळंदीस इंद्रायणीच्या पाण्यात हात घालताना हे पाणी कोठून आले, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. माउलींच्या पायांशी आले, एवढे आपल्याला पुरते. पण नदीला उगम असतो आणि उगमाच्या अंगालाही माणसे राहतात. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात इंद्रायणी निघते. मळवली, कामशेत, इंदोरी अशी गावे करीत ती देहूस येते, देहूहून आळंदीस, आणि पुढे तुळापुरास भीमेला मिळते. भीमा पंढरीस पोहोचली की तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो. म्हणजे कुरवंड्याच्या कातळावर पडलेला पावसाचा थेंब दरसाल न चुकता पंढरीची वारी करतो, आणि त्याला दिंडीचा नंबरही लागत नाही!

हा सगळा मुलूख मावळचा. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ अशी त्याची खोरी. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ज्येष्ठात सुरू झाला की भाद्रपदापर्यंत समोरचा डोंगर धड दिसत नाही. खाचरात भात, उतारावर नाचणी-वरई, आणि डोंगराच्या कुशीत पंधरा-वीस उंबऱ्यांच्या वाड्या. कोठे कुणब्यांची वाडी, कोठे महादेव कोळ्यांची, कोठे ठाकरांची, कोठे कातकऱ्यांची, आणि वर माथ्यावर धनगरवाडा. अशा वाडीत सरकारची म्हणून डोळ्यांना दिसणारी वस्तू बहुधा एकच असते. ती म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, पुढे पडवी, वर कौले नाहीतर पत्रा, अंगणात झेंड्याचा खांब आणि भिंतीवर रंगवलेला भारताचा नकाशा. आज आम्ही या शाळेविषयी बोलणार आहोत.

श्रोते म्हणतील, "बुवा, मासिक वारकऱ्यांचे आणि विषय शाळाखात्याचा, हे कसे जुळले?" जुळले ते असे. कार्तिकीला कोकणातल्या दिंड्या बोरघाट चढून वर येतात. खंडाळा, लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव करीत देहूला आणि तेथून आळंदीला जातात. रात्री मुक्काम कोठे पडतो? गावातले देऊळ लहान, सभामंडपात चाळीस माणसे निजली की पाय ठेवायला जागा नाही. मग सरपंच शाळेची किल्ली आणून देतात. पडवीत पखवाज ठेवला जातो, वीणा भिंतीच्या खुंटीला लागते, बाया आतल्या खोलीत, बाप्ये अंगणात. सकाळी शाळेच्याच टाकीवर आंघोळी होतात. आषाढीच्या वाटेवरही तेच. आपल्यापैकी किती जणांनी फळ्यावर कालचा पाढा लिहिलेला असताना त्याच फळ्याखाली पथारी पसरली असेल! ज्या पडवीने आपल्याला पावसात आसरा दिला, तिचे आपल्यावर काही देणे लागते की नाही?

आणि हे नाते आजचे नव्हे. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यापूर्वी या शाळा स्कूल बोर्डाच्या होत्या, आणि कित्येक वाड्यांत तर इमारत होईपर्यंत शाळा मारुतीच्या किंवा विठोबाच्या देवळातच भरत असे. सकाळी काकडा, मग पाढे, संध्याकाळी हरिपाठ. एकाच घोंगडीवर हे सगळे चाले. देवळाने शाळेला जागा दिली, पुढे शाळेने दिंडीला दिली. देवाण-घेवाण बरोबरीची आहे.

आता अक्षराचा आणि आपल्या संप्रदायाचा संबंध पाहा. ज्ञानोबाराय आणि त्यांची भावंडे ही संन्याशाची पोरे म्हणून गावाने वाळीत टाकली, असे आपली परंपरा सांगते. ज्यांना पंक्तीत बसू दिले नाही, त्यांनीच शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ गावच्या बोलीत आणून सगळ्यांपुढे वाढून ठेवला. संस्कृत येणाऱ्यापुरते जे राखून ठेवलेले होते, ते नांगर धरणाऱ्याच्या आणि दळण दळणाऱ्या बाईच्या हाती आले. आमच्या मते महाराष्ट्रातली पहिली सार्वजनिक शाळा नेवाशास भरली. फी नाही, दाखला नाही, जात विचारणे नाही.

तुकोबारायांच्या वेळचे घ्या. चाकणचे संताजी जगनाडे, जातीने तेली, घाणा चालवून पोट भरणारे, चौदा टाळकऱ्यांतले एक. त्यांनी तुकोबारायांचे अभंग वह्यांत उतरवून घेतले. त्यांच्या वहीवरूनच पुढे वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकात गाथा छापली. संताजींची समाधी मावळातच आहे, सुदुंबऱ्यास. भंडाऱ्याचा डोंगरही मावळातला. गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि तेरा दिवसांनी वर आली, ही कथा प्रत्येक वारकऱ्याच्या तोंडी आहे, आम्ही ती पुन्हा सांगत नाही. आम्हाला सांगायचे आहे ते वेगळेच. एका तेल्याच्या मुलाला कोणीतरी धुळाक्षरे गिरवायला बसवले, म्हणून त्याला लिहिता आले. तो बसवणारा कोण, त्याचे नाव कोणत्याही पोथीत नाही. आज वरच्या वाडीत बसवणारे जे गुरुजी नाहीतर बाई आहेत, त्यांचेही नाव राहणार नाही. पण त्या पडवीत बसलेल्या दहा पोरांत उद्याचा संताजी नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे!

इतके झाले, आता दुखणे सांगतो.

२०२३ सालच्या सप्टेंबरात शिक्षण खात्याने एक पत्र काढले. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढता येतील काय, याचे प्रस्ताव त्यात मागविले होते. त्या वेळी राज्यात अशा शाळा सुमारे १४,८०० आणि त्यांत मुले सुमारे १,८५,००० असल्याचा आकडा पुढे आला. हिशेब केला तर शाळेमागे बारा-तेरा मुले पडतात. त्याआधी २०१७ सालीही दहाच्या खाली पट गेलेल्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता, त्यावर मोठी ओरड झाली. कागदावर पाहिले तर हा विचार खुळा नाही, हे आम्ही मान्य करतो. सहा पोरांची शाळा ही काही सुखाची गोष्ट नव्हे. खो-खोला गडी पुरत नाहीत. पहिलीची, तिसरीची आणि चौथीची मुले एका खोलीत, गुरुजी एक किंवा दोन, त्यांतला एक तालुक्याला बैठकीला गेलेला आणि दुसरा माहिती भरण्यात अडकलेला. मोठ्या शाळेत विज्ञानाची खोली असते, ग्रंथालय असते, सोबती असतात. पाचवी-सहावीच्या पुढचे मूल चांगल्या गाडीतून मोठ्या शाळेत रोज जाऊन येत असेल, आणि ती गाडी आषाढातही येत असेल, तर आमची काही तक्रार नाही.

परंतु सहा वर्षांचे मूल? मावळात दोन वाड्यांमधले अंतर नकाशावर दोन बोटे दिसते, पण मध्ये ओढा आहे, आणि श्रावणातला ओढा नकाशाला विचारून वाहत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखाली आपल्या राज्याने पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असा नियम केला, तो उगाच नव्हे. लहान पायांना किती चालवते, हे ज्याला ठाऊक आहे अशा कोणीतरी तो आकडा घातला असावा. १५ जून २०२५ रोजी, तुकोबारायांच्या पालखीचे प्रस्थान तीन दिवसांवर आले असताना, इंदोरीजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि चार माणसे गेली. तो रविवार होता, पुलावर फिरायला आलेल्यांची गर्दी होती, हे खरे. पण असे जुने पूल आणि डळमळीत साकव मावळात एकच का आहेत? मोटार जाऊ शकते म्हणून पोर जाऊ शकते, असे जो म्हणतो त्याने एकदा भाताच्या आवणीच्या दिवसांत दप्तर डोक्यावर घेऊन ते पाणी ओलांडून पाहावे.

नामदार गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल १९११ साली मांडले, ते नापास झाले. मुलाला शाळेचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला. मध्ये अठ्ठ्याण्णव वर्षे गेली. एवढ्या वर्षांनी मिळालेली वस्तू पट कमी आहे म्हणून हातची सोडायची, तर पट कमी का झाला तेही विचारले पाहिजे.

कारणे पुष्कळ आहेत. घरटी मुले कमी झाली, हे चांगलेच झाले. रस्त्याकडेच्या जमिनी विकल्या गेल्या. खाचरांच्या जागी कुंपणे आली, कुंपणात बंगले आले, आणि त्या बंगल्यांत शनिवार-रविवारी दिवे लागतात. जमीन विकणारा तळेगावला, चाकणला कारखान्याजवळ खोली करून राहिला. जो मागे राहिला त्याच्या दारी सकाळी पिवळी बस येते आणि पोराला इंग्रजी शाळेत घेऊन जाते. आपल्या वारकरी मंडळींतही हे आहे. गळ्यात माळ, दारी तुळस, वर्षाची वारी, आणि शेजारची शाळा ओस पडली तरी तिकडे पाहायचे नाही. इंग्रजी शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. पोराला चार भाषा येऊ द्या. नामदेवराय पंजाबात गेले तेव्हा तिकडच्या बोलीत बोललेच की! आमचे म्हणणे एवढेच, की ज्याला बसचे पैसे परवडतात त्याने मूल काढून नेले म्हणजे मागे कोण उरते? ठाकराचे, कातकऱ्याचे, बंगल्याच्या राखणदाराचे, चिक्कीच्या कारखान्यात राबणाऱ्या बाईचे. लोणावळ्यात नगरपरिषदेच्या शाळांतही हाच प्रकार. आणि मग जी शाळा केवळ गरिबांची होते, तिच्या गळक्या पत्र्यासाठी तालुक्याला भांडायला जाणारा कोणी उरत नाही.

आणखी एक कारण आहे, ते मात्र आम्ही स्वतः ऐकले ते सांगतो. आंदर मावळातल्या एका वाडीत काकड्याच्या दिवसांत गेलो होतो. कोजागरी होऊन गेलेली, पहाटेचा गारठा. काकडा आटोपला, मुले प्रसाद घेऊन तशीच शाळेकडे निघाली. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आमच्या विणेकरी बाबांच्या मागे-मागे करीत होती. बाबांनी विचारले, "काय गं माउली, शाळेत किती जणं तुम्ही?"

"आत्ता अकरा हायेत बाबा. दिवाळी झाली का सात."

"आन् चार कुठं जातात?"

"भट्टीवर."

"आणि तू?"

ती म्हणाली, "मी बी चारातलीच." आणि पळाली. शाळेची घंटा झाली होती.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

कातकऱ्यांची कुटुंबे दिवाळीनंतर विटांच्या भट्टीवर जातात. आधी उचल घेतलेली असते, ती फेडायची. कोणी घाट उतरून कोकणात जातो, कोणी देशावर. पावसाच्या तोंडी परत येतात. आई-बाप चिखल तुडवतात, विटा थापतात, आणि पोरगे धाकट्याला कडेवर घेऊन बसते, किंवा वाळलेल्या विटा उलट्या करते. चैत्र-वैशाखात परत आले तर परीक्षा झालेली असते. दोन वर्षे असे झाले की ते मूल वर्गात बसायला लाजते, आणि तिसऱ्या वर्षी येतच नाही. पट कमी झाला म्हणून शाळा बंद, आणि शाळा बंद म्हणून उरलेलेही भट्टीवर. विहिरीला पाणी कमी आले म्हणून विहीर बुजवण्यासारखे हे झाले.

आता वारकऱ्याने जरा थांबून मनाला विचारावे. आपला देव कशावर उभा आहे? विटेवर. पुंडलिक आई-बापांची सेवा करीत होता, देवाला थांबायला सांगितले आणि वीट फेकली. पुंडलिकाच्या त्या विटेसाठी आपण शेकडो मैल चालतो, तिच्यावर डोके ठेवतो. आई-बापांच्या पायाशी बसलेल्या लेकराची वीट म्हणून ती पूज्य झाली. आणि या भट्टीवरच्या लेकराच्या हातातही वीटच आहे, तेही आई-बापांच्याच मदतीला बसले आहे. ही वीट कोणी पूजत नाही. तिच्यातून आपली घरे, आपल्या धर्मशाळा, कदाचित आपले नवे सभामंडपही उभे राहतात. आम्ही कीर्तनात विटेचे वर्णन करतो तेव्हा हल्ली ती "चारातली" मुलगी आठवते आणि बोलणे अडखळते.

असो. शाळेत शिकवतात ते तर झालेच, पण आणखी एक गोष्ट तेथे रोज घडते, तिचे महत्त्व वारकऱ्याने तरी ओळखावे. दुपारचे जेवण. १९९५ साली ही योजना आली तेव्हा कोरडा तांदूळ मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ सालच्या आदेशानंतर शाळेत शिजवलेले अन्न देणे आले. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, त्याबरोबर डाळ-कडधान्य आणि भाजी. (वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली काढलेला इंद्रायणी तांदूळ मावळातच पिकतो आणि मुंबई-पुण्याच्या बाजारात जातो, शाळेत येतो तो गोदामातला, पण हा विषय निराळा.) आम्ही ती पंगत पाहिली आहे. कुणब्याचे, मराठ्याचे, ठाकराचे, कातकऱ्याचे, बौद्धाचे पोर एका ओळीत मांडी घालून बसते. कोणाच्या ताटाला कोणाचा विटाळ नाही. आपण काल्याच्या कीर्तनात गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र केल्याचे इतके रसभरित वर्णन करतो, तो काला येथे खिचडीचा होतो आणि रोज होतो, वर्षातून एकदा नव्हे. चोखोबारायांना देवळाबाहेर उभे राहावे लागले, हे आपल्या संप्रदायाच्या अंगावरचे वळ आहेत. पंढरीचे दार हरिजनांना उघडावे म्हणून १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण कोणी केले? अंमळनेरच्या शाळेत मास्तरकी केलेल्या साने गुरुजींनी. देवळाचे दार मास्तराने उघडून दिले. त्या मास्तरांच्या जातभाईची शाळा आज बंद पडत असेल तर आपण टाळ वाजवत शेजारून निघून जायचे काय?

गाडगेबाबांनी जन्मभर खराटा हाती घेऊन कीर्तने केली. पंढरीस धर्मशाळा बांधली, आळंदीस बांधली, स्वतः मात्र तिच्यात राहिले नाहीत. घरातले भांडे विकावे लागले तरी पोराला शाळेत घाला, हे ते हरएक गावी सांगत. लोकांना त्यांचा खराटा आठवतो, हे सांगणे विसरले जाते.

मावळच्या मातीला हे नवीन नाही. कार्ल्याच्या लेण्यात भिक्षूंच्या अध्ययनासाठी जो डोंगर कोरला, त्याचे दान काही एकट्या राजाचे नव्हे. शेटजींचे नाव आहेच, पण शिलालेखांत एका गंध्याने दिलेल्या दाराची नोंद आहे, एका सुताराने केलेल्या कामाची आहे. दोन हजार वर्षांमागे सुताराचे नाव दगडावर कोरावे असे या डोंगराला वाटले. अलीकडचे घ्या. तळेगावचा काचकारखाना १९०८ साली पैसा फंडातून निघाला. अंताजी दामोदर काळ्यांनी दारोदार फिरून माणशी एक पैसा मागितला होता. त्याच तळेगावात विजापूरकर गुरुजींचे समर्थ विद्यालय चालत होते. इंग्रज सरकारने १९१० साली ते बंद पाडले. म्हणजे शाळा बंद होणे काय असते, हेही मावळाने पाहिले आहे. फरक इतकाच की तेव्हा परक्या सरकारने मुले फार झाली म्हणून भिऊन बंद केली, आणि आता आपण मुले थोडी म्हणून बंद पडू देतो.

थोड्या मुलांची शाळा वाढत नाही, असेही नाही. शेजारच्या खेड तालुक्यात जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट बोटांवर मोजण्याइतका उरला होता. शिक्षक आणि गावकरी एकत्र झाले, आणि २०२५ साली जगातल्या शाळांच्या एका स्पर्धेत लोकसहभागाच्या गटात ती पहिल्या दहांत आली. आता प्रत्येक वाडीत असे होईल अशी आशा दाखवणे आम्हाला बरे वाटत नाही. बक्षिसाच्या शाळा थोड्याच असायच्या. पण पट हे काही प्रारब्ध नव्हे, एवढे तर त्यावरून दिसते. मुले येत नाहीत म्हणून हात बांधून बसणाऱ्यांनी कोसबाडकडे पाहावे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे चारणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल कुरणात आहे, तर शाळा कुरणात. सावतोबा मळा सोडून पंढरीस गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला, असे आपण सांगतो. देवाने जे केले ते शाळाखात्याला जड का जावे?

आता आपण काय करायचे, ते सांगतो. भाषण ठोकून जाण्याची आमची रीत नाही.

पहिली गोष्ट, प्रत्येक सरकारी शाळेला कायद्याने व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बाया असाव्यात असा नियम आहे. बऱ्याच गावी ही समिती सहीपुरती असते. ज्या वारकऱ्याचे मूल किंवा नातवंड त्या शाळेत आहे, त्याने किंवा त्याच्या सुनेने त्या समितीत बसावे, महिन्याच्या बैठकीला जावे. एकादशी चुकवत नाही तशी ती बैठक चुकवू नये. शाळा बंद करायचा कागद आला तर तो आधी तेथे वाचला जातो, आणि ग्रामसभेत ठराव करून उत्तर देणेही तेथूनच सुरू होते. ठरावात "आमचा विरोध आहे" एवढेच लिहून भागत नाही. मध्ये ओढा कोणता, त्यावर साकव आहे का, पावसाचे किती दिवस वाट बंद असते, दुसरी शाळा किती लांब, हे सारे लिहावे.

दुसरी गोष्ट आषाढीची. एकादशीच्या आदल्या दिवशी शाळेशाळेतून बालदिंडी निघते. लहानग्यांना विठ्ठल-रखुमाई करतात, फोटो निघतात, पालक खूष होतात. फार गोड दृश्य आहे, आम्हालाही आवडते. पण त्या दिवशी गावच्या भजनी मंडळाने नुसते टाळ वाजवून परत न येता, पत्रा गळतो का, मुलींच्या संडासाला पाणी आहे का, एवढे पाहून यावे. सप्ताहाच्या वर्गणीतून मंडपावर जे खर्च होते त्याचा दहावा हिस्सा काढला तरी कौले बदलतील. सरकारने करायचे ते सरकारकडून मागावेच. पण पाऊस मंजुरीची वाट पाहत नाही.

तिसरी गोष्ट, ज्यांच्या गावात वीटभट्टी आहे त्यांच्यासाठी. दुसरीकडून आलेल्या मजुराच्या मुलाला तुमच्या गावची शाळा वर्षाच्या मध्येही नाकारू शकत नाही. जन्माचा दाखला नाही, जुन्या शाळेचा दाखला आला नाही, प्रवेशाची तारीख गेली, यांतले कोणतेही कारण कायद्याला चालत नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवायचे, असाच हुकूम आहे. आई-बापांना हे ठाऊक नसते, आणि भट्टीचा मालक सांगत नाही. मालक कित्येकदा आपल्यातलाच माळकरी असतो! त्याच्याशी भांडू नका. त्याला कीर्तनाला बोलवा, पुढे बसवा आणि मग पोरांचे विचारा. मुले गावातच मागे राहतील अशी सोय करता आली तर अधिक बरे. त्यासाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आजी-आजोबांजवळ मूल ठेवून त्याचे दोन वेळचे जेवण होते. दिवाळीच्या आधी गुरुजींना भेटून यादी केली तर हे साधते, दिवाळी झाल्यावर नाही.

कार्तिकीला घाट चढून येणाऱ्या दिंड्यांना शेवटची विनंती. आपण ज्या पंधरवड्यात आळंदीकडे चालतो, त्याच पंधरवड्यात ही कुटुंबे डोक्यावर भांडी, काखेत कोंबडी आणि कडेवर मूल घेऊन भट्टीकडे चालत असतात. कोठे टेम्पोत भरून जातात. एकाच रस्त्याने दोन्ही चालतात, आपल्या पताकेमुळे आपण दिसतो, ती दिसत नाहीत. मुक्काम ज्या शाळेत पडेल तेथे पहाटे निघताना पडवी झाडून द्यावी, फळ्यावरचे पुसू नये. आणि विणेकऱ्यांनी गुरुजींकडे एवढे विचारावे, की दिवाळीनंतर कोण कोण आलेले नाही आणि ते कोणत्या बाजूला गेले. मग पुढच्या वाटेवर जिथे जिथे विटांची भट्टी दिसेल, तिथे दिंडीतल्या दोघांनी पाच मिनिटे वळून जावे आणि त्या मुलांना नावाने हाक मारून पाहावी.